सुपरवायझर म्हणतो, ‘एक फोन करीन’

*ताई, नमस्कार. मी मूळची लालबागची. भावाने अर्ज केला, बारा-तेरा वर्षांनी नंबर लागला आणि आम्ही न्यू जर्सीत आलो. यजमान वेअरहाऊसमध्ये आहेत, मी एका नर्सिंग होमच्या किचनमध्ये. आम्ही चौदा जण. भांड्यांवर ग्वाटेमालाची एक बाई आहे, ट्रे लावायला हैतीचे दोघं, बाकी इकडचे-तिकडचे. जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास पगारातून आपोआप कापतात, पण प्रत्यक्षात जेवायला कोणी सोडत नाही. आम्ही तिघी-चौघी त्याबद्दल बोलायला गेलो, तर सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘फार बोलू नका, मी एक फोन केला की निम्मं किचन रिकामं होईल.’ दुसऱ्या दिवसापासून ग्वाटेमालाची बाई दोन दिवस आलीच नाही. आता युनियनवाले म्हणतात, तुझं इंग्रजी बरं आहे, तुझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तू डेलिगेट, म्हणजे कामगारांची प्रतिनिधी हो. आइसची, म्हणजे इमिग्रेशनच्या पोलिसांची, धाड आली तर काय करायचं याची एक कमिटीही करतायत, तीत ये. यजमानांचं म्हणणं, सिटिझनशिपचे अर्ज टाकलेत, इंटरव्ह्यू यायचाय, कशाला भानगड? आपण रांगेत उभं राहून आलो, ज्यांनी रांग मोडली त्यांचं आपण का निस्तरायचं? त्यात माझे वडील गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात घर बसलं ते बसलंच. युनियन म्हटलं की मला आईच्या मोडलेल्या पाटल्या आठवतात. मी काय करू?*

*– एक वाचक, न्यू जर्सी*

तुमचा जीव टांगणीला लागलाय, म्हणून उत्तर आधीच देते: डेलिगेट व्हा. कमिटीतही जा. पण काही गोष्टी तुम्ही अजिबात करायच्या नाहीत, त्या पुढे सांगते, आणि त्या बाबतीत तुमच्या यजमानांची काळजी अगदी रास्त आहे.

आधी सुपरवायझरच्या त्या वाक्याकडे नीट बघू. तो म्हणाला, निम्मं किचन रिकामं होईल. धमकी निम्म्यांना होती, पण अर्धा तास चौदाच्या चौदा जणांचा कापला जातोय, तुमचाही. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून तुमचा पगार वाचला का? नाही. ती भांडी घासणारी बाई गप्प बसली की तुमचाही आवाज आपोआप अर्धा होतो, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. इमिग्रेशनच्या धाकाचा कामाच्या जागी हाच उपयोग असतो. तो धाक मोडणं ही युनियनने केलेली समाजसेवा समजू नका. पगाराची लढाई तिथूनच सुरू होते.

असे फोन पूर्वीही झालेत. शिकागोत कातडं कमावणारा एक लहानसा कारखाना होता. 1976 च्या डिसेंबरात तिथल्या कामगारांनी मतदान करून युनियन आणली. कामगार बहुतेक मेक्सिकोचे. पुढच्याच महिन्यात मालकाने इमिग्रेशन खात्याला पत्र लिहिलं, आमच्या या या माणसांचे कागद तपासा. फेब्रुवारीत अधिकारी आले आणि पाच जणांना देश सोडावा लागला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1984 साली कोर्टाने सांगितलं की कागद नसले तरी माणूस कामगारच असतो, 1935 चा कामगार कायदा त्यालाही लागू आहे, आणि युनियन केली म्हणून सूड घ्यायला इमिग्रेशनला कळवणं बेकायदा आहे. तुमच्या सुपरवायझरची धमकी याच निकालाखाली येते. शिवाय न्यू जर्सीत 2024 साली कायदा झालाय: कामगार कायदा मोडल्याचं झाकायला मालकाने इमिग्रेशनची धमकी दिली, तर त्याला दंड होतो.

पण मी तुम्हाला नुसतं गोड सांगणार नाही. 2002 साली त्याच सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात ठरवलं की युनियन केली म्हणून बेकायदा काढून टाकलं, तरी कागद नसलेल्या कामगाराला बुडालेला पगार मिळणार नाही. म्हणजे हक्क आहे, पण तो मोडणाऱ्याला फारशी तोशीस नाही. माझ्या मते हा निकाल अन्यायाचा आहे आणि मालकांना मोकळीक देणारा आहे. (आधीच केलेल्या कामाची मजुरी मात्र त्यांनाही मिळते. तुमचा तो अर्धा तास या वर्गात येतो, हे लक्षात ठेवा.) कोर्टात इतकं कमी हाती लागतं, म्हणून प्रत्यक्ष संरक्षण किचनमध्येच उभं करावं लागतं, एकत्र राहून आणि करारातल्या कलमांतून.

ते होतं का? होतं. नॉर्थ कॅरोलायनात टार हील नावाच्या गावी स्मिथफील्ड कंपनीचा डुक्करमांसाचा प्रचंड कारखाना आहे. नोव्हेंबर 2006 मध्ये कंपनीने सोशल सिक्युरिटी नंबर सरकारी नोंदीशी जुळत नाहीत या कारणावरून काही कामगारांना काढलं. त्यावर सुमारे हजार कामगार हत्यारं खाली ठेवून बाहेर पडले. तिथे अजून युनियनसुद्धा नव्हती. कंपनीने काढलेल्यांना परत घेतलं आणि कागद नीट करायला मुदत दिली. लगेच जानेवारीत आइसने कारखान्यात येऊन माणसं धरली आणि घाबरून कित्येक मेक्सिकन कामगार काम सोडून गेले. वाटलं असेल, संपलं. पण मागे राहिलेल्यांनी, त्यात कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते, युनियनचं काम पुढे चालवलं आणि डिसेंबर 2008 मध्ये मतदान जिंकून युनियन आणली. दोनदा हरल्यानंतर. जे निघून गेले त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही, हेही खरंच.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येते. ‘आपण रांगेत उभं राहिलो.’ बारा-तेरा वर्षं म्हणजे चेष्टा नाही. ऐन उमेदीची वर्षं वाट बघण्यात गेली, त्याचं मोल कोणी कमी लेखू नये. पण रांगेतून आलेल्याला हात लागत नाही हा भरवसा त्यांनी ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांना सिग्नल इंटरनॅशनल या जहाजबांधणी कंपनीची हकिगत सांगा.

कतरीना वादळानंतर, 2006 च्या सुमारास, मिसिसिपीतल्या पॅस्कगूला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथल्या सिग्नलच्या यार्डांत जवळजवळ पाचशे भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले गेले. भरती मुंबईतल्या एजंटामार्फत झाली. ग्रीन कार्डाचं आश्वासन देऊन एकेकाकडून दहा ते वीस हजार डॉलर घेतले. कोणी जमीन विकली, कोणी बायकोचं सोनं. हातात पडला तात्पुरत्या कामाचा एच-2बी व्हिसा, जो त्याच एका कंपनीला बांधलेला. राहायला यार्डातच कुंपणाच्या आत खोल्या, एका खोलीत चोवीस जण, आणि त्याचे दिवसाला 35 डॉलर पगारातून वजा. ही सगळी माणसं व्हिसाचा शिक्का घेऊन, विमानतळावरून, रीतसर आत आली होती. त्यांनी एकमेकांशी बोलायला, वकिलाला भेटायला सुरुवात केली, तर मार्च 2007 मध्ये कंपनीच्या पहारेकऱ्यांनी पहाटे येऊन पुढारपण करणाऱ्यांना बिछान्यातून उठवलं, परत पाठवायला म्हणून कोंडून ठेवलं. एकाने तिथेच मनगट कापून घेतलं. तो वाचला. माणसांना परत कसं पाठवायचं याचा सल्ला कंपनीला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांकडूनच मिळत होता, असं पुढे कंपनीच्याच माणसाच्या साक्षीत आलं. मार्च 2008 मध्ये शंभरेक जण काम सोडून बाहेर पडले, हेल्मेटं फाटकावर टाकून दिली, वॉशिंग्टनपर्यंत मोर्चा नेला, उपोषण केलं. न्यू ऑर्लिन्सच्या कामगार संघटनेने त्यांना उभं केलं, इथल्या मोठ्या युनियनांनी साथ दिली. 2015 साली ज्यूरीने पहिल्या पाच जणांना 1 कोटी 40 लाख डॉलर भरपाई दिली. अनेकांना मानवी तस्करीला बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा मिळाला.

यात धमकी काय होती? तीच, तुमच्या किचनमधली. आणि अलीकडे, सप्टेंबर 2025 मध्ये, जॉर्जियातल्या ह्युंदाईच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर आइसने 475 माणसं धरली. त्यांत तीनशेहून जास्त कोरियन होते, बरेचसे कुठला ना कुठला व्हिसा घेऊन आलेले. कागद नसलेल्यांतही आपली माणसं आहेतच: 5 फेब्रुवारी 2025 ला हातपाय बांधून अमृतसरला उतरवलेल्या 104 भारतीयांत तिघे महाराष्ट्राचे होते. तिघांच्याही घरी कोणीतरी कर्ज काढलेलं असणार.

युनियन म्हणजे देवमाणसांचा मेळा असंही मी म्हणणार नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी 4 सप्टेंबर 1907 च्या रात्री लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी मजुरांना गोऱ्या जमावाने मारून हाकललं, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या बऱ्याच युनियना ‘आशियाई नकोत’ असंच म्हणत होत्या. 1986 साली, कागद नसलेल्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करणारा कायदा झाला, त्यालाही एएफएल-सीआयओ या मोठ्या महासंघाचा पाठिंबा होता. अनुभव काय आला? दंड क्वचित मालकाला झाला, कागद तपासण्याच्या फॉर्मचं हत्यार मात्र मालकाच्या हाती लागलं. फेब्रुवारी 2000 मध्ये महासंघाने आपली भूमिका बदलली आणि या कामगारांना कायदेशीर दर्जा द्या अशी मागणी केली. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये झाडलोट करणाऱ्या मध्य अमेरिकेतल्या कामगारांनी, पोलिसांचा मार खाऊन, 1990 साली युनियन मिळवली होती. ज्यांना ‘ही घाबरट माणसं, यांची युनियन होत नाही’ म्हटलं जायचं, त्यांनीच ती करून दाखवली. अलीकडे तुमच्याच भागातली 32बीजे ही युनियन हैतीच्या कामगारांचं टीपीएस, म्हणजे इथे राहण्या-काम करण्याचं तात्पुरतं संरक्षण, मुदतीआधी काढून घेण्याविरुद्ध ब्रुकलिनच्या कोर्टात वादी म्हणून उभी राहिली, आणि 1 जुलै 2025 ला न्यायाधीशांनी सरकारला तसं करता येणार नाही असं सांगितलं. वाद तिथे संपला नाही. तरी तुमच्या ट्रे लाइनवरच्या त्या दोघांनी एकेकट्याने हे कधी केलं असतं?

ब्याऐंशीच्या संपाबद्दल. ज्या घरात पाटल्या मोडल्या गेल्या त्या घरातल्या मुलीला ‘युनियन चांगली असते’ असं सांगायला मी धजावणार नाही. अडीच लाख गिरणी कामगारांचं जे झालं ते झालं. पण एक फरक तुम्ही समजून घ्यावा असं वाटतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते आणि कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती. ज्यांच्याशी कामगार उभे होते त्यांच्याशी बोलायला मालक आणि सरकार बांधील नव्हते, आणि बोललेही नाहीत. तुमच्याकडे मान्यता असलेली युनियन आहे, सही झालेला करार आहे. अशा करारांत बहुतेक वेळा मुदत संपेपर्यंत संप न करण्याचं कलम असतं, आणि आरोग्यसेवेत संप करायचाच झाला तर 10 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. डेलिगेटचं रोजचं काम म्हणजे करार वाचणं, तक्रार लिहिणं, सोबत्याबरोबर ऑफिसात जाऊन बसणं. घर बसेल असं यात काही नाही.

मग कमिटीत नक्की काय करायचं?

तुमच्या किचनच्या दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी आहे का, ते उद्या बघा. नसेल तर लावून घ्या. लॉबीत कोणीही येऊ शकतो, आइसचा माणूससुद्धा. पण किचन, लाँड्री, कर्मचाऱ्यांची जेवणाची खोली या खासगी जागा आहेत, आणि तिथे शिरायला एकतर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं किंवा मालकाची संमती. संमती म्हणजे काय, तर समोर बसलेल्या रिसेप्शनवरच्या मुलीने घाबरून ‘या, आत या’ म्हटलं तरी ती झाली असं ते धरू शकतात. म्हणून सगळ्यात आधी तिला आणि रात्रीच्या सिक्युरिटीवाल्याला शिकवायचं: ‘मला परवानगी द्यायचा अधिकार नाही, मी अॅडमिनिस्ट्रेटरना बोलावते.’ एवढं एकच वाक्य. आइसकडे बहुतेक वेळा जो कागद असतो तो आय-200 किंवा आय-205 नावाचा, खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचा. कोर्टाच्या वॉरंटवर वर कोर्टाचं नाव असतं, ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’, खाली न्यायाधीशाची सही, आणि कुठली जागा आणि कधी हे लिहिलेलं असतं. दोन्हींचे नमुने छापून जेवणाच्या खोलीत लावा. सगळ्यांना दिसू देत, सुपरवायझरलासुद्धा.

नियम असून ते घुसत नाहीत का? घुसतात. जानेवारी 2025 मध्ये न्यूआर्कमधल्या एका मासळीच्या गोदामात आइसवाले वॉरंटशिवाय शिरले आणि अमेरिकी नागरिकांनाही अडवलं, त्यात सैन्यातून निवृत्त झालेला एक जण होता, असं महापौर रास बराका यांनी जाहीर सांगितलं. अशा वेळी दार अडवायचं नाही. ‘आमची संमती नाही’ मोठ्याने म्हणायचं, फोनवर चित्रण करायचं, युनियनला फोन लावायचा, कोणाला कुठे नेलं ते लिहून ठेवायचं. पळायचं नाही, हे प्रत्येकाला दहादा सांगा. प्रत्येकाला गप्प राहण्याचा आणि वकिलाशिवाय कशावरही सही न करण्याचा हक्क आहे.

धाडीपेक्षा बिनआवाजाचा प्रकार जास्त धोक्याचा असतो. आइस मालकाला नोटीस पाठवते, कामावर घेताना भरलेले आय-9 फॉर्म दाखवा. त्याला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. त्यानंतर कोणाला तरी हळूच बोलावून ‘उद्यापासून येऊ नकोस’ सांगितलं जातं, शेजारच्या टेबलावरच्यालाही पत्ता लागत नाही. इथे करार कामाला येतो. देशभरातल्या हॉटेल कामगारांच्या अनेक करारांत कलमं आहेत: इमिग्रेशनकडून काहीही आलं तर मालकाने युनियनला लगेच कळवायचं, कायद्याने लागत नसताना कोणाचे कागद पुन्हा मागायचे नाहीत, कागदासाठी वेळ द्यायचा, नंतर परवाना आणला तर त्याच कामावर, जुनी सेवा धरून परत घ्यायचं, न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय आत सोडायचं नाही. तुमचा पुढचा करार कधी आहे ते विचारा आणि हीच मागणी यादीत वर टाका. मोर्चाचे फोटो सगळे बघतात, पण खरी राखण ही कलमं करतात.

आणि आता तुम्ही काय करायचं नाही. कोणाकडे कागद आहेत, कोणाकडे नाहीत, हे विचारायचं नाही. कोणी सांगितलं तरी लिहायचं नाही, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. अशी यादी एकदा अस्तित्वात आली की ती कुठेही जाऊ शकते. शाळेतून मूल कोण आणेल, वकील कोण, घरी कोणाला फोन करायचा, हे चौदाही जणांनी, तुम्ही धरून, स्वतःच्या हाताने पाकिटात लिहून बंद करून युनियनच्या ऑफिसात ठेवा. कोणाला लपवायचं नाही. अधिकाऱ्याला खोटं सांगायचं नाही, ‘उत्तर देत नाही’ म्हणणं पुरतं. ग्रीन कार्ड जवळ ठेवा, कायद्याने ते ठेवावंच लागतं.

आणि अटक होईल अशा जागी जायचं नाही. 6 जून 2025 ला लॉस एंजेलिसमध्ये एका कपड्याच्या कंपनीवर धाड पडली तेव्हा डेव्हिड ह्युर्टा तिथे होते, एसइआययू या मोठ्या युनियनचे कॅलिफोर्नियाचे अध्यक्ष. त्यांना खाली पाडून धरलं, दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तीन दिवसांनी 50 हजार डॉलरच्या जामिनावर सोडलं. त्यांच्यासाठी गावोगावच्या युनियना रस्त्यावर उतरल्या, आणि ते योग्यच झालं. पण ते नागरिक आहेत. तुमच्या सिटिझनशिपच्या अर्जात तुम्हाला कधी पकडलं, अडकवलं, साधं चलान दिलं का, हे सगळं विचारलेलं असतं. युनियनचं सभासदत्व किंवा डेलिगेट असणं हा अर्ज नाकारायचा आधार नाही. अटक मात्र अडचण करू शकते. म्हणून आइसच्या गाडीपुढे उभं राहण्याचं काम नागरिक असलेल्या सोबत्यांकडे सोपवा, आणि कमिटीत हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. चांगली कमिटी त्याचं वाईट वाटून घेत नाही. यजमानांना घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाकडे एकदा जा. युनियनला विचारा, बऱ्याच ठिकाणी वकिलाची सोय असते. त्यांच्या शंका माझ्यापेक्षा त्या वकिलाकडून मिटणं बरं.

ग्वाटेमालाच्या त्या बाईंना मात्र तुम्ही परस्पर ‘घाबरू नका’ म्हणू नका. त्यांना किती घाबरायचं ते त्यांनाच माहीत. त्यांच्याकडे एवढंच विचारा, युनियनच्या वकिलाशी बोलायचंय का, मी सोबत येऊ का. तक्रारीत त्यांचं नाव घालायची गरज नाही. बोलायला तुम्ही तिघी-चौघी गेला होतात, धमकी तुम्ही ऐकलीत, सह्या तुमच्या चालतील.

आणि ती तक्रार याच आठवड्यात लिहा. तारीख, वेळ, कुठे उभे होतात, तो कुठल्या शब्दांत बोलला ते इंग्रजीत जसंच्या तसं, आणि ऐकणाऱ्यांपैकी जे तयार असतील त्यांची नावं. एक प्रत युनियनला, ग्रीव्हन्ससाठी, म्हणजे कराराखालच्या तक्रारीसाठी. दुसरी राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या न्यूआर्क ऑफिसात, धमकीबद्दल. कापलेल्या अर्ध्या तासाचे पे-स्टब जोडा. मंडळाचं काम फार सावकाश चालतं, तरीही नोंद व्हायला हवी, आणि तिथे तक्रार घटनेपासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते, त्यानंतर घेत नाहीत.